साडूभाऊंची हरकत

जगात जे काही घडतं ते आधी ठराव मांडून, मग अनुमोदन घेऊन आणि कुणाची हरकत नसेल तरच घडावं, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. आटगावकडे ते रेल्वेत कीमन आहेत. रोज सकाळी हातोडा खांद्यावर टाकायचा, नेमून दिलेला रूळ चालत तपासायचा, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या असतील तर ठोकून बसवायच्या, हे त्यांचं काम. उरलेल्या वेळात ते युनियनच्या शाखेचे सचिव असतात. उरलेला वेळ म्हणजे जेवणाचा, झोपेचा आणि पाहुण्यारावळ्यांचा धरून सगळा.

त्यांच्या घरी ताटं वाढून झाली की ते पंगतीवरून नजर फिरवतात आणि विचारतात, "सुरू करायला कुणाची हरकत?" मी नवा जावई म्हणून पहिल्यांदा गेलो तेव्हा लाजून गप्प राहिलो, तर भात गार होईस्तोवर हे माझ्या तोंडाकडे बघत बसलेले. शेवटी आमची आक्का, म्हणजे त्यांची बायको, आतून ओरडली, "अवो, त्यांना नाय म्हणायला शिकवा आधी, नायतर उपाशी जातील बिचारे!" त्यांच्या पुतणीच्या लग्नात शेवटचं मंगलाष्टक संपलं, अक्षता पडल्या, आणि वाजंत्री सुरू व्हायच्या आत मांडवातून खणखणीत आवाज आला, "अनुमोदन!" नवरामुलगा दचकला. भटजींनी मात्र मान डोलावली. त्यांना ते बहुधा आवडलं असावं.

घर रुळापासून हाकेच्या अंतरावर. गाडीचा भोंगा ऐकू आला की साडूभाऊ हातातला घास ताटात ठेवतात, दारात जाऊन गाडीकडे तोंड करून उभे राहतात, शेवटचा डबा जाईपर्यंत एकेक चाक न्याहाळतात, सगळं ठीक म्हणून गार्डला हात वर करतात आणि मग येऊन तोच घास उचलतात. ड्युटीवर हे करावंच लागतं, पण सुट्टीच्या दिवशी बनियनवर करणारा मी दुसरा पाहिला नाही. एकदा विचारलं तर म्हणाले, "दारात पाहुणा आला तर तुमी बसून राहता काय, साडूभाऊ?"

आता माझं सांगतो. आजवर टाळत आलो. मी त्याच खात्यात, शहापूरच्या बाजूला एका कार्यालयात बाबू आहे. कीमन लोकांना ट्रॅकर दिले तेव्हा ते कुठे आहेत हे पडद्यावर बघायचं काम माझ्या टेबलावर आलं. प्रत्येक माणसाचा एक ठिपका. त्यातला एक ठिपका माझे साडू. शाखेनं लगेच ठराव केला: यंत्र नियमाप्रमाणे बाळगू, पण त्याच्याकडे बघणार नाही. ठराव साडूभाऊंचाच, आणि तो पाळणारेही बहुतेक ते एकटेच. ट्रॅकर पिशवीच्या तळाशी टाकायचा, वर डबा, आणि दिवसभर तिकडे ढुंकून बघायचं नाही. रात्री तो चार्जिंगला लावायचं काम आक्काचं. "त्याला खाऊ घाल," ते म्हणायचे, "पण माज्यासमोर नको."

यंदा अधिक महिना आला आणि सासुरवाडीनं दोन्ही जावयांना धोंड्याचं जेवायला बोलावलं. सासुरवाडी मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याशी. मागच्या धोंड्याला सासूबाईंनी मला छत्री आणि त्यांना टॉवेल दिला होता, तेव्हा साडूभाऊंनी पंगतीतच हरकत नोंदवली होती. त्यामुळे यंदा सगळं जोडीनं आणलेलं. सारखे शर्ट, सारख्या चॉकलेटी पिशव्या, सारखे डबे आणि त्यात सारखे अनारसे. रात्री तिथेच राहिलो. सकाळी तिथूनच कामावर जायचं म्हणून आक्कानं त्यांचं ड्युटीचं सामान नव्या पिशवीत भरलं, माझ्या बायकोनं माझं. सकाळी अंधारातच दोघे आपापल्या मोटारसायकलीवर निघालो, आणि ओट्यावरची हाताला लागली ती पिशवी मी उचलली.

कार्यालयात पडदा लावला तर साडूंचा ठिपका रुळावर नाही. तो आमच्याच कार्यालयावर! मला वाटलं मोर्चा घेऊन आले. खिडकीतून डोकावलो, बाहेर एक कुत्रं होतं. तेवढ्यात साहेब आले आणि म्हणाले, "हा माणूस ड्युटीवर नाही?" नातेवाईकाला पाठीशी घालतो असं कुणी म्हणू नये, म्हणून मी जरा जास्तच तत्परतेनं म्हणालो, "नाही दिसत, साहेब." दुपारच्या आत नोटीस निघाली. मग जेवायला पिशवी उघडली, अनारशांचा डबा काढला, आणि खाली तो ट्रॅकर हिरवा दिवा लुकलुकवत बसलेला.

त्याच क्षणी साहेबांकडे जायला हवं होतं. नाही गेलो. संध्याकाळी आटगावला जाऊन, साडूभाऊ हातपाय धुवायला मागे गेले तेवढ्यात पिशव्या बदलून आलो. त्यांना पत्ताच नाही. डब्यातले अनारसे सारखेच, आणि ट्रॅकरकडे ते बघतच नव्हते.

मग साडूभाऊ पेटले. "यंत्र खोटं बोलतं!" स्टेशनबाहेर सभा झाल्या. निवृत्ती काही महिन्यांवर, इतक्या वर्षांत एक डाग नाही, आणि आता कामचुकार म्हणून इन्क्रिमेंट बंद व्हायची वेळ. एरवी ओरडून बोलणारा माणूस घरी मात्र गप्प झाला होता. आक्का माझ्या बायकोला म्हणाली, "जेवताना हरकत पण इचारत नायत गो आता." ते ऐकल्यापासून मला अन्न गोड लागेना.

पुढच्या रविवारी आम्ही त्यांच्याकडे गेलो. ताटं वाढली. पाहुणे म्हणून त्यांनी कसंबसं विचारलं, "सुरू करायला कुणाची हरकत?"

"माझी आहे," मी म्हणालो.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी हरकत घेतली होती. त्यांचा चेहराच उजळला. "बोला!"

मी सगळं सांगितलं. पिशवी, दिवा, गुपचूप केलेली अदलाबदल, सगळं. आक्काच्या हातातला डाव तसाच राहिला. तेवढ्यात भोंगा झाला. साडूभाऊ उठले, दारात गेले, अख्खी मालगाडी बघितली, हात वर केला आणि परत येऊन बसले.

"हा जेवणातला विषय नाय," ते म्हणाले. "बुधवारच्या सभेत घ्या. ऐनवेळचे विषय. आता जेवा."

दुसऱ्या दिवशी मी आधी साहेबांना सांगितलं. त्यांनी झापलं, मग कितीतरी वेळ हसले आणि नोटीस मागे घेतली. बुधवारी सभेत उभा राहून सगळं पुन्हा सांगितलं. मग मागून कुणीतरी ओरडलं, "बाबू, आता पिशवीला नोटीस काडा!" आणि सगळी सभा फुटली. साडूभाऊ तेवढे हसले नाहीत.

"म्हंजे यंत्र खरं बोललं?"

"हो."

"आनि मी पण खराच?"

"हो."

"मग ठराव बदला. यंत्र पिशवी बघतं, माणूस नाय. नोटीस काडायच्या आदी माणसाला फोन करा." अनुमोदन मी दिलं. मी शाखेचा सभासद नाही, मला तो हक्क नव्हता, पण कुणी हरकत घेतली नाही. साहेबांनीही ते मान्य केलं. त्या रात्री मी घोरत होतो, असं बायको सांगते.

सासूबाई आता म्हणतात, पुढच्या धोंड्याला एकाला निळी पिशवी, एकाला लाल. साडूभाऊंची हरकत आहे; जावयांत भेदभाव चालणार नाही. पण पुढच्या धोंड्यापर्यंत ते निवृत्त झालेले असतील, आणि त्यांच्या पिशवीत नुसते अनारसेच असतील.

सध्या मी सकाळी पडदा लावला की आधी त्यांचा ठिपका शोधतो. तो चालत असतो, मध्येच थांबतो. पडदा लगेच विचारतो, हा थांबला का? मी काही करत नाही. गाडी जात असणार. थोड्या वेळानं ठिपका पुन्हा चालू लागतो, आणि मग मी चहा मागवतो.