त्या दुपारी मशीन बंद पडलं नव्हतं

हा किस्सा तुम्ही माझ्याकडून ऐकला असेल. धुळ्यात कुणाचंही लग्न असो, जेवणाची पंगत बसायला उशीर झाला की माईक माझ्या हातात येतो, आणि मी सांगतो – शेजारच्या अक्कांनी माझं सोलरचं मशीन कसं बंद पाडलं! लोक पोट धरून हसतात. पण त्यातली एक गोष्ट मी कधीच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही.

आधी मशीनबद्दल. छतावर सोलर असलं तरी गावाची लाईट गेली की तेही बंद होतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. पोर्चमधल्या माझ्या मशीनला मात्र खाली एक पांढरा प्लग आहे, त्यावर लांब वायरचा बोर्ड लावलेला. लाईट गेली, प्लगच्या बाजूचं बटण दाबलं, की ऊन असेपर्यंत त्या प्लगला थोडी वीज मिळते. सगळं घर चालत नाही. एक कूलर, टीव्ही, दोन-तीन बारीकसारीक वस्तू. बसवणाऱ्या कारागिराने वस्तूंची यादीच लिहून दिली होती. ती यादी मला पाठ होती – हे लक्षात ठेवा.

मे महिना. मुलीला बघायला अमळनेरची मंडळी आलेली. दुपारी एकला लाईट गेली आणि मला तर आनंदच झाला! मी उठलो, जादूगारासारखी बाही सावरली, पाहुण्यांना पोर्चमध्ये बोलावून बटण दाबलं. हॉलमधला कूलर घरघरला. होणारे व्याही म्हणाले, ‘‘वा! सगळा धुळे जिल्हा घामात, आणि तुम्ही काश्मिरात!’’ मी असा फुललो म्हणता…

मंडळी आत जाऊन बसली, आणि फाटकाशी अक्का आल्या.

अक्का म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या. त्यांचे यजमान नाना, एसटीतून निवृत्त झालेले चालक, दम्याचे जुने रोगी. नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचं, तेव्हा दोन उन्हाळे आम्ही त्यांच्या बोअरचं पाणी भरलं. अक्कांच्या हातात कापडी पिशवी होती. पिशवीत नानांचं वाफ घ्यायचं मशीन.

‘‘भाऊ, नानासले दम लागना शे. पाच मिनिट तुम्हनाकडे लावू का?’’

यादीत ते मशीन होतं का? होतं. कूलरबरोबर चाललं असतं का? आरामात. मग अडलं कुठे?

सांगतो. नाना आले असते म्हणजे हॉलमध्ये बसले असते. तोंडाला तो मास्क, छातीची शिट्टी, मध्येच खोकला, बेडका. अमळनेरकरांसमोर. माझा खेळ इतका रंगला होता – आणि मला तो मोडायचा नव्हता. बस, एवढंच.

नाही म्हणायची तरी हिंमत होती का? तीही नव्हती. म्हणून मी नाटक केलं. ‘‘लावून बघू ना, अक्का!’’ म्हणत त्यांचं मशीन मीच त्या बोर्डाला लावलं, आणि अंगाआड कोपराने बटण बंद केलं. कूलर थांबला. मी कपाळाला हात लावला. ‘‘गेलं! अक्का, लोड झेपला नाही!’’

अक्का घाबरून दोन पावलं मागे सरकल्या. ‘‘हाई काय व्हयनं, भाऊ? मी बिघाडं का?’’

मी काय म्हणालो? ‘‘जाऊ द्या, होतं असं.’’ म्हणजे – मी त्यांना माफ केलं!

त्या गेल्यावर मी बटण दाबलं. कूलर सुरू. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

अर्ध्या तासाने नानांना भर उन्हात रिक्षात घालून नेलं. पाच दिवस ऑक्सिजनवर होते. घरी आले ते निम्मे होऊन. आता फाटकापर्यंत चाललं तरी बसावं लागतं. अक्का दुसऱ्याच दिवशी आमच्या पायरीशी आल्या, आत आल्या नाहीत. मला वाटलं, कळलं. तर त्यांनी विचारलं, ‘‘मशीन सुधरनं का, भाऊ?’’

तेव्हा बोलता आलं असतं. मी म्हणालो, ‘‘सुधारलं, पण आता जपून वापरावं लागतं.’’

सोयरीक जुळली. मुलीच्या लग्नात मी तोच किस्सा माईकवरून सांगितला, अक्कांच्या घाबरलेल्या चेहऱ्याची नक्कलही केली. त्या पहिल्या रांगेत होत्या. तोंडाला पदर लावून त्याही हसल्या. नाना हसले आणि त्यांना ढास लागली.

यंदाच्या उन्हाळ्यातली एक दुपार. लाईट गेलेली. समोर नवीन राहायला आलेला एक माणूस टेबलफॅन घेऊन माझ्या फाटकाशी आला. घरात त्याची बायको बाळंतीण. त्याने हाक मारायच्या आत अक्का त्यांच्या ओट्यावरून त्याला ओरडून म्हणाल्या –

‘‘भाऊ, त्यासले तरास नको देऊ! त्यासनं मशीन नाजूक शे. मी एकदाव लायं व्हतं, तं बठ्ठं बंद पडनं.’’

तो फॅन घेऊन परत वळला. मी दाराच्या आत उभा होतो, हात कडीवर. सगळं ऐकू येत होतं. मी कडी काढली नाही.