कामातला फोटो

सौदीतल्या जुबैलच्या किनाऱ्यावर दर वसंतात गळाने मासे धरायची एक स्पर्धा होते. थंडी ओसरलेली असते आणि उन्हाचा तडाखा अजून सुरू व्हायचा असतो, अशा त्या मोजक्या बऱ्या आठवड्यांत. मी श्रीवर्धनकडचा. खाडीतल्या जिताड्याशी लहानपणापासून झटापट केलेल्या माणसाने गळ्यात नंबराचं कार्ड अडकवून, रांगेत उभं राहून मासे धरायचे, ही कल्पनाच मला हास्यास्पद वाटायची. तरी मी नाव दिलं, ते माझ्या रूमपार्टनरमुळे.

तो आटपाडीकडचा, माणदेशी. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो थेट इथे येऊन. कामाने स्कॅफोल्डर, म्हणजे प्लांटमधल्या टाक्यांभोवती आणि उंच टॉवरभोवती लोखंडी पाइपांची परांची बांधायची आणि काम उरकलं की सोडवायची. मी वेल्डर. त्याने बांधलेल्या परांचीवर उभा राहून मी कित्येक वर्षं डाग दिले. कॅम्पातल्या एकाच खोलीत समोरासमोरच्या खाटांवर झोपलो, पण अहो-जाहो कधी सुटलं नाही. तो मला पावणं म्हणायचा, म्हणून मीही त्याला पावणं म्हणू लागलो. इतर लोक हसायचे. मासे धरायचा नाद मात्र माझ्यामुळे लागला त्याला, आणि असा लागला की शुक्रवारची सुट्टी आली की माझ्याआधी तोच तयार.

त्या वर्षी त्याचा फायनल एक्झिट लागला. कंपनीचं काम आटोपलं, आता इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, परत करायचा आणि कायमचं घरी जायचं. सामान बांधायला घेतलं तेव्हा एकदा तो खाटेवर बसून मोबाईलमधले फोटो पुढे सरकवत होता. म्हाताऱ्या आईला घरात लावायला एक मोठा करून न्यायचा होता. मी शेजारी बसून पाहू लागलो. मॉलच्या कारंज्यासमोर उभा. दुसऱ्याच्या गाडीला टेकून उभा. खजुराच्या झाडाखाली काळा चष्मा लावून उभा. ईदच्या सुट्टीत हुफूफला गेलो होतो, तिथल्या बाजारात उभा. सगळीकडे इस्त्रीचा शर्ट आणि हसरा चेहरा.

"पावणं, ह्यात म्या करतुया काय? निस्ता हुबा हाय," तो म्हणाला.

काही करताना काढणार तरी कसा? प्लांटमध्ये कॅमेरा न्यायला सक्त बंदी. गेटवर टेबल असतं, मागे गार्ड असतो, मोबाईल त्याच्या हवाली करायचा आणि टोकन घ्यायचं, सुटताना टोकन द्यायचं आणि मोबाईल घ्यायचा. ज्या कामासाठी देश सोडला, त्या कामात असलेला आमचा कुणाचाच फोटो नाही. हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं, आणि सुचलं तेव्हा चांगलंच टोचलं. त्याच्या गावात लोक त्याला सौदीचा शेठ म्हणायचे. आई म्हणायची, माझ्या लेकाला तिथं सावलीचं काम आहे. त्याने ते कधी खोडून काढलं नाही, पण आता परत जाताना त्याला आईला काहीतरी करतानाचा एक फोटो दाखवायचा होता.

स्पर्धेचं डोक्यात आलं ते त्यावरूनच. मापात बसणारा मासा लागला की आयोजकांचा फोटोग्राफर यायचा, समुद्र मागे घेऊन माशासकट फोटो काढायचा आणि तिथल्या तिथे छापून द्यायचा. परांचीवरचा नाही तर नाही, गळ ओढतानाचा तरी मिळेल. जोडीने नाव द्यायचं होतं. आम्ही दिलं.

आमिष म्हणून मी बाजारातून लहान, ताजी कोळंबी आणली आणि पिशवीला गाठ मारून सामाईक स्वयंपाकघराच्या फ्रीझरमध्ये ठेवली. आमच्या मेसमध्ये तिसरा एक चिपळूणकडचा इलेक्ट्रिशियन होता. गुरुवारी रांधायची पाळी त्याची. कामावरून दमून आलो तर दारातच घमघमाट. आमसूल घातलेलं कोळंबीचं कालवण, वर भात. मी दोनदा वाढून घेतलं, त्याची तोंडभरून स्तुतीही केली. ताटं विसळताना पावण्यांनी त्याला सहज विचारलं, कोळंबी कधी आणली होती? तेव्हा माझा हात नळाखाली तसाच राहिला.

मी चिपळूणकराला फैलावर घेतलं. तो गडी मुळीच ओशाळला नाही, उलट खरोखर बुचकळ्यात पडला.

"एवढी चांगली कोळंबी माशाला घालायची?" तो म्हणाला.

खरं सांगायचं तर त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. कोकणी माणसाला चांगली कोळंबी फुकट पाण्यात टाकवत नाही, त्याचा हात आपसूक कढईकडे जातो. शेवटी फ्रीझरच्या तळाशी पडलेले दोन शिळे बांगडे काढले आणि त्यांचे तुकडे केले. त्यांना असा वास होता की पिशवीवर पिशवी चढवावी लागली.

दुसरी गंमत शुक्रवारी सकाळी. मासा वर घ्यायच्या जाळीचा दांडा मोडलेला निघाला. मी शिव्या घालत होतो, तोवर पावण्यांनी बाथरूममधला वायपर आणला, त्याचा रबर काढून टाकला आणि जाळीची कडी सुतळीने दांड्याला अशी आवळली की हलायचं नाव नाही. मी म्हटलं, वायपर घेऊन स्पर्धेला जाणारे आपण पहिलेच. ते म्हणाले, मासा काय दांडा बघून येतो व्हय? कंपनीची शुक्रवारची बस बाजाराकडे जाते, तीत गळाच्या काठ्या, वायपर आणि बांगड्यांच्या वासासकट आम्ही बसलो. पुढच्या सीटवरच्या लोकांनी खिडक्या उघडल्या.

स्पर्धा दुपारच्या नमाजापासून सूर्यास्ताच्या बांगेपर्यंत, मगरिबला खलास. किनाऱ्याचा एक तुकडा दोरी लावून वेगळा केला होता. दोरीच्या तोंडाशी टेबल, टेबलामागे गणवेशातला गार्ड. त्याने कार्डं पाहिली, इकामे पाहिले. मी खिशातून मोबाईल काढून टेबलावर ठेवला. माझ्यामागे पावण्यांनी ठेवला. गार्डने एकदा मोबाईलांकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे. त्याला वाटलं असेल, मासे धरताना पाण्यात पडू नयेत म्हणून सांभाळायला देताहेत. भला माणूस, त्याने ते ड्रॉवरमध्ये टाकले. टोकन दिलं नाही हे मला खटकलं, पण मागे रांग होती. पुढे सरकलो.

आमची जागा काळ्या दगडांवर होती. वारा उलटा, तोंडावर वाळू. शेजारच्या जागेवर एक सौदी गृहस्थ होते, आमच्याच वयाचे. डोक्याला लाल चौकटीचा रुमाल गुंडाळलेला, सोबत थर्मास आणि खजूर. त्यांनी वायपरकडे पाहिलं, बांगड्याचा वास घेतला आणि आम्हाला दोन छोटे कप कहवा, म्हणजे अरबी कॉफी, दिला. मला सारखी लाज वाटत होती, पावण्यांना अजिबात नाही. ते दगडात पाय रोवून उभे राहिले, परांचीच्या फळीवर उभे राहायचे तसेच, आणि दोरीवर बोट ठेवून पाण्याकडे बघत राहिले.

आजूबाजूला मासे लागत होते. फोटोग्राफर इकडून तिकडे जायचा, आमच्याकडे बघायचासुद्धा नाही. ऊन कलत गेलं. माझ्या मनात आलं, आता काय व्हायचं ते या अर्ध्या-पाऊण तासात, पुढच्या वसंतात हा माणूस इथे नसेल. मी पुन्हा बांगडा कापायला बसलो.

तेवढ्यात त्यांची काठी वाकली.

मासा जड होता. दोरी करकरली आणि पावण्यांनी सगळं अंग मागे टाकलं. जाळी सरसावून मी पुढे झालो. पाण्यात तपकिरी ठिपके दिसले. हामूर, आमच्याकडे ज्याला हेकरू म्हणतात. मी ओरडणार, इतक्यात माझा हात सवयीने खिशाकडे गेला. खिसा रिकामा. त्याच क्षणी डोक्यात लख्ख पडलं की गार्डने मोबाईल मागितले नव्हते. आम्हीच देऊन आलो होतो. टेबल दिसलं, गणवेश दिसला, की आमचे हात स्वतःच मोबाईल काढतात.

तसाच पळालो. जाळी त्यांच्या पायाशी टाकून दगडांवरून, लोकांच्या बादल्या ओलांडत गेटपर्यंत गेलो. टेबल होतं, खुर्ची होती, गार्ड नव्हता. बांग व्हायच्या आत वुजू करायला, नमाजाआधी हातपाय धुवायला गेला होता आणि ड्रॉवरला कुलूप. मी त्या ड्रॉवरला दोन हिसडे दिले. मग कुणी पाहिलं तर भलतंच प्रकरण होईल म्हणून हात मागे घेतला.

परत आलो तेव्हा बांग सुरू झाली होती. पंच मापाची पट्टी गुंडाळत होता. मासा नव्हता. पावणे ओले हात पँटला पुसत होते. मला पाहून पंचाने मान हलवली, सगीर, सगीर, लहान आहे. मापात बसला नाही. लहान मासा परत पाण्यात सोडायचा, असा नियम. फोटोग्राफर दुसऱ्या कुणाचं बक्षीस टिपायला गेला होता, आणि न मोजल्या जाणाऱ्या माशासाठी तो आलाही नसता.

"सोडला, पावणं. जोरात गेला," ते म्हणाले. आवाज शांत होता, आणि त्यामुळेच माझा संताप झाला. पंचाचा, गार्डचा, त्या प्लांटच्या गेटचा आणि मुख्य म्हणजे स्वतःच्या हाताचा. मी म्हटलं, आपण साध्या स्पर्धेच्या दारातसुद्धा स्वतःहून खिसे रिकामे करतो. ते सुतळीची गाठ सोडवत बसले.

शेजारचे गृहस्थ नमाज आटोपून आले. आपल्या मोबाईलवर काहीतरी शोधलं आणि तो पावण्यांपुढे धरला. मासा झुंजत होता तेव्हा त्यांनी एक फोटो काढून ठेवला होता. मी वाकून पाहिलं. पहिल्यांदा वाटलं, वाया गेला. मासा कुठेच नाही, तो पाण्याखाली. चेहरा अर्धा, तोही घामेजलेला, दात आवळलेले. एक पाय दगडावर रोवलेला, दंडाच्या शिरा तट्ट फुगलेल्या, काठी वाकून कमान झालेली. शर्ट बाहेर आलेला. कॅमेऱ्याकडे लक्षच नाही.

पावण्यांनी तो मोबाईल दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ परत दिला नाही.

"ह्यात म्या हाय," ते म्हणाले.

गृहस्थांनी माझा नंबर घेतला. गेटवर गार्ड परतला होता, त्याने हसत मोबाईल दिले. माझ्यात तो फोटो आधीच येऊन पडला होता. बसमध्ये पावण्यांनी मला तो तीनचारदा उघडायला लावला. परतीच्या वाटेवर बांगड्यांचा वास तसाच होता, पण त्यावर कुणी काही बोललं नाही, किंवा मला ऐकू आलं नाही.

ते गेले त्या दिवशी मी पहाटेच्या शिफ्टला होतो. निघताना ते 'येतो' म्हणाले. आपल्याकडे जाणारा तेच म्हणतो. पण फायनल एक्झिट घेतलेल्या माणसाने म्हटलेलं ते 'येतो' मला फार लागलं. मी "या" म्हटलं आणि बस गाठली. गेटवर मोबाईल दिला, टोकन घेतलं. दिवसभर परांचीवर दुसऱ्याच माणसाच्या फळ्या होत्या.

महिनाभराने त्यांचा फोन आला. शेताचं बोलले, पाण्याचं बोलले, चिपळूणकराची चौकशी केली. फोटो मोठा करून घरात लावला होता. गावातले लोक विचारतात, मासा कुठाय, आणि ते सांगतात, दोरीच्या टोकाला. मी हसलो. आई काय म्हणाली, असं विचारलं.

आईने फोटो भिंतीवर लावूच दिला नव्हता सुरुवातीला. मांडीवर घेऊन बसली होती. मासा, समुद्र, काही विचारलं नाही. फोटोतल्या दंडावरून बोट फिरवत राहिली आणि मग म्हणाली, "इतका जोर लावाय लागायचा व्हय रं, लेकरा, तुला तिथं?"

मी विचारलं, तुम्ही काय म्हणालात? ते म्हणाले, काय म्हणणार, व्हय म्हणालो.

फोन ठेवला आणि खाटेवर बसून मी मोबाईलमधले माझे फोटो उघडले. घरी पाठवलेले सगळे एकेक करून पाहिले. कारंज्यासमोर उभा, गाडीला टेकून उभा, काळा चष्मा लावून उभा. दोनतीन फोटोंच्या कडेला पावण्यांचा खांदा होता.