चौऱ्याऐंशी पायऱ्यांचं तळं

सहलीच्या बसवरचा हा ड्रायव्हर तसा खोटं बोलणारा माणूस नव्हे. आयुष्यात तो एकच खोटं बोलला. पण ते त्याने एकोणीस वर्षं निगुतीने सांभाळलं.

आठवड्यातून दोनदा तो चाळीस माणसं घेऊन एका जुन्या, ओसाड नगरीचे अवशेष दाखवायला जायचा. दाखवायला म्हणजे, दाखवायचा गाइड. तो गळ्यात शिट्टी अडकवून माणसांना फाटकातून आत न्यायचा आणि हा गाडीपाशी थांबायचा. पहिल्याच दिवशी मालकाने बजावलं होतं, "गाडी सोडून हलायचं नाही." तेव्हा तिथे उघडं माळरान होतं आणि कुणाच्या तरी गाडीचा आरसा चोरीला गेला होता. पुढे कुंपण झालं, फाटकावर रखवालदार आला, मालकही बदलला. पण 'आता हल' असं कुणी म्हटलं नाही, म्हणून हा हलला नाही. काचा पुसायच्या, टायर ठोकून बघायचे, डबा खायचा, मागच्या सीटवर आडवं व्हायचं. तीन तासांनी लोक बुटांना लाल माती लावून परत यायचे आणि संध्याकाळी तो सुपलीभर माती गाडीतून झाडून काढायचा.

मग खोटं आलं कुठून? पहिल्या फेरीच्या वेळी त्याची बायको पाय मोडून प्लास्टरमध्ये पडली होती. दिवसभर छत बघून बिचारी कंटाळलेली. हा दारात पाऊल टाकतो न टाकतो तोच म्हणाली, "सांगा ना, काय काय पाहिलंत?"

आता 'टायर पाहिले' असं कुठल्या तोंडाने सांगणार? परत येताना मागच्या सीटांवरून जे कानावर पडलं होतं, ते त्याने सांगून टाकलं. तळ्याला चौऱ्याऐंशी पायऱ्या आहेत, दरबाराचा खांब दोन माणसांच्या कवेत मावत नाही, देवळाला छप्परच नाही. ती डोळे मोठे करून ऐकत राहिली, हातातला चहा गार झाला. तेव्हापासून तो दर फेरीला काहीतरी नवं घेऊन यायचा, जसं कुणी पिशवीतून भाजी आणतं तसं.

आणि आता ती स्वतःच निघाली होती. तिच्या शिवणवर्गाची सहल, आणि बस नेमकी याची.

"मी सगळ्यांना सांगून ठेवलंय," आदल्या दिवशी भाजी निवडता निवडता ती म्हणाली. "म्हटलं, गाइड काय सांगेल, आमच्या ह्यांना तिथला दगडन् दगड पाठ आहे."

"अगं, मला गाडीपाशी थांबावं लागतं."

"एक दिवस नाही थांबलात तर गाडी काय माहेरी जाणार आहे?"

आपली फजिती झाली तर झाली, पण ही चारचौघींत तोंडघशी पडली तर? एवढी वर्षं विश्वासाने ऐकलं, त्याचं हेच का फळ? सकाळी त्याने देवापुढे हात जोडले, पण काय मागावं तेच सुचेना. खोटं टिकू दे असं मागणं बरं दिसत नाही.

गाडीत चढताना शिवणवर्गाच्या बाई म्हणाल्या, "भावोजी, चौऱ्याऐंशी पायऱ्या म्हणे! माझे गुडघे आत्ताच रडायला लागलेत."

"मग गुडघे गाडीतच ठेवून जा," मागून कुणीतरी म्हटलं आणि बस हसली.

तिथे पोचल्यावर त्याने घाईघाईने काच पुसायचं फडकं काढलं. तेवढ्यात बायको सरळ रखवालदाराकडे गेली. "दादा, आमच्या गाडीकडे लक्ष ठेवाल का?"

"ठेवतो की ताई. त्यासाठीच तर बसलोय."

एकोणीस वर्षांत एवढं साधं वाक्य याला सुचलं नव्हतं.

याला फाटकाशी बघून गाइडने आ वासला. "ड्रायव्हरसाहेब, तुम्ही आणि आज..." याने असं काही केविलवाणं पाहिलं, की गाइडने ते वाक्य तसंच शिट्टीत घातलं आणि जोरात फुंकली. "चला, चला, सावलीसावलीने चला!"

आधी दरबार लागला. बाईंनी खांबाला मिठी मारली. "अगं, एकटीच्याच कवेत मावला की!"

"बाई, तुमचे हातच लांब आहेत," बायको लगेच म्हणाली. याला ते जास्तच लागलं.

मग देऊळ. छप्पर खरंच नव्हतं. "मूर्ती कधीच गेली, आत काही नाही," गाइडने सांगितलं. बायकोने तरी चपला काढल्या आणि रिकाम्या चौथऱ्यापुढे हात जोडले.

"अगं, आत कुणी नाहीये," एक मैत्रीण म्हणाली.

"जागा तर त्याचीच आहे ना."

यानेही बूट काढले. ऊन डोक्यावर होतं, फरशी पोळत होती. तिथे उभ्या उभ्या त्याला वाटलं, आता हे खोटं पुरे झालं.

तळं आलं तशा बायका मोठ्याने मोजत उतरल्या. "एकोणतीस, तीस, एकतीस." आणि पाणी लागलं. सगळ्या वळून याच्याकडे बघायला लागल्या.

"भावोजी, उरलेल्या त्रेपन्न कुठे गेल्या?"

"पाण्याखाली असतील," बायको पटकन म्हणाली.

नुसती मान हलवली असती तरी निभावलं असतं. पण तो म्हणाला, "नाहीत. म्हणजे, मला माहीतच नाही. मी आजवर कधी आत आलोच नव्हतो. लोकांचं ऐकायचो आणि घरी सांगायचो."

कुणी हसलं नाही. बायको शेवटच्या पायरीवर बसली आणि गुडघा चोळत म्हणाली, "माहितीये मला."

"कधीपासून?"

"पहिल्या वर्षापासून. तुमचे बूट कोण पुसतं? सुपलीभर लाल माती निघाली म्हणून तुम्हीच सांगता, आणि तुमच्या बुटाला कधी कण नाही. देवळात काय उडत जात होतात?"

आता मात्र सगळ्या हसल्या.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर सांगायचं थांबला असतात." तिने पदराने तोंड पुसलं. "आणि सहल इथेच काढायची हा हट्ट कुणाचा होता, विचारा बाईंना."

"हिचाच," बाई म्हणाल्या. "आम्हाला बागेत जायचं होतं."

"एकदा तरी आत आणायचं होतं तुम्हाला." मग पाण्याकडे बघून ती हळूच म्हणाली, "तुमचं तळं मोठं होतं हं, पण."

वर चढताना बाई दर चार पायऱ्यांना टेकत होत्या. वर पोचल्यावर धापा टाकत म्हणाल्या, "शंभर तरी असतील मेल्या!" तो चमकलाच. हा सूर त्याने एकोणीस वर्षं मागच्या सीटवरून ऐकला होता.

फाटकाशी रखवालदार गाडीकडे तोंड करून इमानाने बसला होता. त्याने याच्या लाल बुटांकडे पाहिलं आणि विचारलं, "काय साहेब, तळ्याला पायऱ्या किती हो?"

"तुम्ही नाही पाहिलंत?"

"मी कुठला आत जातोय! फाटक सोडून हलायचं नाही म्हणून सांगितलंय."

याने बायकोकडे पाहिलं. ती दुसरीकडे बघून हसत होती.

"उतरताना एकतीस, चढताना चौऱ्याऐंशी," तो म्हणाला आणि रखवालदाराला उठवून त्याच्या स्टुलावर बसला. "जा, मोजून या. तोवर मी आहे."