मोरिवलीतला सराव

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी बदलापूरच्या एका आरोग्य केंद्रात नर्स होते. पूर, दंगल, गॅसगळती असं काही झालं तर लोकांच्या तब्येतीची पाहणी कशी करायची, याचं तीन दिवसांचं ट्रेनिंग अंबरनाथच्या एका शाळेत होतं. शिकवणाऱ्या डॉक्टरबाई सरहद्दीवर निर्वासितांच्या छावण्यांत राहून आलेल्या. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "आधी मेलेल्यांची चौकशी करा. जिवंत माणसं आपलं आपण सांगतात."

दुसऱ्या दिवशी सराव. जवळच्या मोरिवली गावात पूर येऊन गेलाय असं समजायचं, दर पाचव्या घरी जायचं आणि कोण आजारी, कोण दगावलं, पाणी कुठलं, ते लिहून आणायचं. माझ्या जोडीला मलेरिया विभागातले एक वयस्कर कर्मचारी होते. त्यांचं म्हणणं, सगळं खोटंच तर आहे, झाडाखाली बसून भरून टाकू. मी ऐकलं नाही.

पहिल्या घरी सगळं ठीक होतं. उन्हातून आलात म्हणून तिथल्या बाईंनी तांब्याभर पाणी दिलं. गार, नितळ. मी सगळं प्यायले. दुसऱ्या घरी चार-पाच वर्षांची मुलगी गोधडीवर पडली होती, डोळे खोल गेलेले. आई म्हणाली, कालपासून जुलाब आहेत, थांबतील. मी मुलीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली, अंगातलं पाणी संपत आलं होतं. जोडीदारांनी रिक्षा आणली आणि मायलेकींना दवाखान्यात घेऊन गेले.

मी एकटी पुढे गेले. एका घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, म्हाताऱ्याला सकाळीच उल्हासनगरला हलवलंय, त्यालाही तेच. पुढच्या दोन्ही घरांतही माणसं जुलाबांनी आडवी पडलेली.

शाळेत परत आल्यावर मी गावाच्या नकाशावर आजारी घरांच्या खुणा केल्या. डॉक्टरबाईंनी नकाशा जवळ ओढून घेतला.

"हे मनाने भरलंय?"

"नाही."

बाकीच्यांनी बरंचसं मनानेच भरलं होतं. बाईंनी सगळ्यांचे कागद बाजूला ठेवले आणि आम्हाला पुन्हा मोरिवलीत नेलं. या वेळी एकही घर सोडायचं नव्हतं. संध्याकाळपर्यंत कळलं, आजारी घरं एकाच नळाच्या लाइनवर होती आणि तो पाइप गटारातून जात होता. मला पाणी मिळालं ते घरही त्याच लाइनवर. त्या रात्री मी पोटावर हात ठेवून पडून राहिले. मला काही झालं नाही.

तिसऱ्या दिवशी नळ बंद झाला, टँकर आला. मुलगी वाचली. म्हातारा पहाटे गेला होता.

त्यांच्या घरी विचारायला मलाच पाठवलं. सुनेने वय सांगितलं, कधीपासून त्रास होता तेही सांगितलं. मग म्हणाली, "काल तुम्ही वहीपेन घेऊन गावात आलात, तेव्हा पाण्याचं तुम्हाला ठाऊक होतं?"

मी नाही म्हणाले. आम्ही पुराचा सराव करायला आलो होतो, हेही सांगितलं. ती माझ्या हातातल्या कागदाकडे बघत राहिली. तिचा विश्वास बसला नाही.