माफीचं पान मी छापलं नाही

नोआ, ईथन, हे मी तुम्हाला मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत मी तुमच्या वाढदिवसाची पत्रं लिहिते आणि त्या भाषेत मी फार सभ्य होते. तुमची आई वाचून दाखवील. तिला सांगा, मधलं काही गाळायचं नाही.

आत्ताच का, तर परवा नोआ फोनवर रडली. नोआ दर आठवड्याला ईमेलनं आपलं पत्रक पाठवते. तिच्यासारखी लिहिणारी आणखी काही मुलं आहेत, ती एकमेकांची नावं आपापल्या वाचकांना सांगतात आणि सगळ्यांचेच वाचक वाढतात, असं तिनं मला मागे समजावलं होतं. आजीला हे नवीन असेल असं तिला वाटलं. आता तिनं कोणा मोठ्या माणसाबद्दल खरं लिहिलं. त्यानं वकिलाची धमकी दिली. मैत्रिणींनी तिचं नाव आपापल्या पत्रकांतून गुपचूप काढलं. "आजी, सॉरी म्हणून मोकळी होऊ का?" असं ती म्हणाली. हे माझं उत्तर.

इस्राएलच्या वाळवंटातलं डिमोना, तिथल्या शिलाई कारखान्याचं अंगण. सकाळची चहाची सुट्टी. मॅनेजरनं माझ्या पत्रकाचा बोळा केला आणि माझ्या तोंडात कोंबला. एका हातानं माझा जबडा धरला, गुराला औषध पाजताना धरतात तसा. दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं कागद आत ढकलला. माझा ओठ दातात सापडून फाटला.

"खा," तो हिब्रूत म्हणाला. "तुझी भाषा तूच खा, गवेरेत."

गवेरेत म्हणजे मॅडम. एरवीही तो मला तशीच हाक मारायचा. मी पन्नाशी ओलांडलेली बाई. बॉम्बेच्या कॉन्व्हेंटात शिकलेली, इस्त्रीचा ब्लाऊज घालणारी, त्याच्याच ऑफिसात बसून परदेशी गिऱ्हाइकांना इंग्रजी पत्रं लिहिणारी. अंगणात सगळ्या बायका होत्या. कोणी हसलं नाही. कोणी उठलंही नाही. मी बोळा थुंकला. शाई आणि रक्त.

"उचल."

मी वाकले. उचलला. पोरांनो, मार मी केव्हाच विसरले असते. ते वाकणं विसरले नाही.

आता पत्रक काय होतं ते सांगते.

नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. आमच्या बिल्डिंगीत कोकणातून, ठाण्यातून आलेल्या आपल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, म्हाताऱ्या बायका होत्या. त्यांना मराठी वाचता यायचं, हिब्रू नाही. सरकारी पत्र आलं की त्या ते छातीशी धरून माझ्याकडे यायच्या. मी एक चार पानी पत्रक काढायला लागले. हातानं लिहायचं, झेरॉक्स काढायची, दारोदार टाकायचं. कुठल्या दवाखान्यातल्या डॉक्टरला इंग्रजी कळतं, पेन्शनीचा कायदा काय बदलला, कोण वारलं, कोणाच्या पोरीचं ठरलं.

एका मलिद्याच्या, म्हणजे आपल्या नवसाच्या प्रार्थनेच्या, कार्यक्रमात मला फ्लोरा भेटली. अराद गावची. जाडजूड, मोठ्यानं हसणारी, भिजवलेल्या पोह्यांत खोबरं कालवता कालवता बोलणारी. तीही पत्रक काढायची, रांधण्याचं आणि दुखण्याखुपण्याचं.

"तुझं कोण वाचतं गो?" तिनं विचारलं.

"आमच्या बिल्डिंगीतल्या बायका."

"माझंपण तेच. म्हणजे आपण दोघी आपापल्या जिन्यात बोंबलतोय."

त्या दिवशी आमचं ठरलं. माझं मागचं पान फ्लोराचं, तिचं मागचं पान माझं. ज्याला आवडेल त्यानं दुसरीचं पत्रक मागून घ्यावं. अट एकच. पाहुण्याच्या पानातलं अक्षर बदलायचं नाही. आवडो न आवडो. आपल्या घरात पाहुण्याला आपण कपडे बदलायला लावत नाही, असं फ्लोरा म्हणायची.

मग आला एलायजा, अश्दोदचा. त्याचं पत्रक निव्वळ क्रिकेटचं. आपली इंडियन पोरं शनिवारी कुठं खेळली, कोणी किती रन काढले, अंपायर कसा आंधळा. तो म्हणाला, "बायकांच्या भाजीच्या मागे माझा स्कोअर?"

फ्लोरा म्हणाली, "तुझा स्कोअर वाचून भाजी करपणार नाही रे, काळजी करू नको."

त्यानं पान दिलं. गठ्ठे बसच्या ड्रायव्हरकडे द्यायचे, पुढच्या गावी कोणीतरी उतरवून घ्यायचं. क्रिकेट वाचणारी पोरं माझी पेन्शनीची बातमी आपल्या आईला वाचून दाखवायला लागली. माझ्या म्हाताऱ्या अंपायरला शिव्या द्यायला शिकल्या. बेरशेबा, लोद, कुठून कुठून मागणी यायला लागली. आमच्यातलं कोणी मोठं नव्हतं. आम्ही एकमेकांच्या पाठीवर उभे राहिलो म्हणून दिसायला लागलो.

आणि मग कारखान्यात धूर झाला.

शिलाईचं खातं वरच्या मजल्यावर होतं. बायका विचारल्याशिवाय संडासाला जातात म्हणून मॅनेजर सुट्टीनंतर दाराला बाहेरून साखळी घालायचा. किल्ली त्याच्या खिशात. त्या दिवशी इस्त्रीच्या टेबलाखालची वायर पेटली, कापडाच्या चिंध्यांनी धूर धरला. मॅनेजर गाडी घेऊन जेवायला गेलेला. मी खाली ऑफिसात होते. आधी माझ्या डोक्यावर टाचा वाजल्या. मग दार. मग नुसत्या किंकाळ्या, मराठीत, हिब्रूत, रशियनमध्ये. पहारेकऱ्यानं लोखंडी कांब घालून साखळी तोडेपर्यंत मॉलीनं खिडकीची काच मुठीनं फोडली होती. मॉली आमच्याच जिन्यातली, दोन पोरांची आई. तिला मी जिन्यावरून खाली येताना पाहिलं. कोपरापासून मनगटापर्यंत हात उघडला होता. आतलं पांढरं दिसत होतं. ती मला म्हणाली, "आंटी, बोटं हलत नाहीत."

ती बोटं पुन्हा कधी हलली नाहीत.

दुसऱ्या दिवशी बोर्डावर नोटीस लागली. एका कामगार बाईनं घाबरून निष्काळजीपणे काच फोडली, असं. साखळीचा शब्द नाही.

मी साखळीबद्दल लिहिलं. माझ्या पहिल्या पानावर. मॅनेजरला मराठी कुठून कळणार? आपल्याच माणसानं वाचून दाखवलं. बेंजामिनअंकल, कामगार कमिटीत आपल्या लोकांतर्फे बसणारे, प्रार्थनाघरात पुढच्या बाकावर बसणारे. त्यानंतर ते अंगण आणि तो बोळा.

संध्याकाळी बेंजामिनअंकल घरी आले. टोपी काढून बसले, लिहून आणलेला माफीचा कागद समोर ठेवला. तुमच्या आजोबांनी चहा ठेवला.

"माफी छापायची," अंकल म्हणाले. "तुझ्याच पत्रकात, पहिल्या पानावर. आणि शुक्रवारी कँटीनमध्ये सगळ्या बायकांसमोर वाचायची. नाहीतर मॉलीची भरपाई बंद."

"माझं तोंड फाटलंय, अंकल."

"दिसतंय मला. अगं, इंडियन बायका शांत, म्हणून इथं आपल्याला मान आहे. तो घालवू नको."

तुमचे आजोबा म्हणाले, "वाचून टाक ना. शब्दच तर आहेत."

मी रात्रीची भांडी घासली आणि फ्लोराला फोन केला. ती पहिल्यांदाच हसली नाही. तिनं फक्त विचारलं, "तो लेख माझ्या पानावर पाठवशील का?" मग एलायजाचा फोन आला. तो ओरडतच होता. "मागचं नाही, पुढचं पान घे! मॅच गेली खड्ड्यात!" त्याच आठवड्यात साखळीचा लेख अरादला रांधण्याच्या पत्रकात निघाला आणि अश्दोदला क्रिकेटच्या. कारखान्यातले कटिंगवाले, ट्रक भरणारे, ही पोरं माझं पत्रक कधी हातात धरत नव्हती. एलायजाचं ती खिशात घेऊन फिरायची. शुक्रवारपर्यंत सगळ्यांना माहीत होतं.

कँटीनमध्ये मॅनेजर टेबलावर बसला होता, पाय हलवत. शेजारी बेंजामिनअंकल, भाषांतराला. मी उभी राहिले. हातात एलायजाचं पत्रक. माफीचा कागद मी घरी गॅसवर जाळला होता. आणि मी माझाच लेख वाचायला लागले, मराठीत, मान खाली घालून, माफी मागावी तशा आवाजात. साखळी. किल्ली. मॉलीचा हात.

बायकांच्या माना वर झाल्या. मॅनेजरनं विचारलं, "काय म्हणते?"

बेंजामिनअंकलनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. ते म्हणाले, "माफी मागते आहे."

पाहा, सगळं जमलं होतं. ज्यांना कळायचं त्यांना कळलं. मॉलीची भरपाई वाचली, माझी नोकरी वाचली, अंकलचीही लाज वाचली. मी तिथं थांबले असते तर आयुष्यभर ही गोष्ट मी हसत सांगितली असती.

पण तो टेबलावरून उतरला आणि त्यानं माझा गाल थोपटला. फाटलेल्या ओठाच्या बाजूचा. "योफी," म्हणाला. छान. "शहाणी इंडियन."

माझ्या आत काहीतरी तुटलं आणि मला बरं वाटलं. ज्याला कळत नाही त्याच्या पाठीमागे खरं बोलणं म्हणजे पुन्हा वाकणंच होतं. मी त्याचा हात बाजूला केला. आणि पहिल्या ओळीपासून हिब्रूत सांगायला लागले. "तू दाराला साखळी घातलीस. किल्ली तुझ्या खिशात होती. आत बायका होत्या." माझं हिब्रू मोडकं होतं. पण प्रत्येक शब्द पोचला, कारण त्याचा चेहरा बदलताना मला दिसला.

त्यानं तोंडावर ठोसा मारला. हातात जाड अंगठी होती. खालचे दात आत वळले, मी मागच्या बाकाला अडखळून पडले, डोकं फरशीवर आपटलं. त्यानं लाथ घातली, बरगडीत. मी पडल्या पडल्या बोलत राहिले. तोंडात रक्त होतं, त्यामुळे ते कोणत्या भाषेत होतं कोण जाणे. मग मॉली उठली, माफी ऐकायला तिलाही बोलावलं होतं. तिनं चांगल्या हातानं उकळत्या चहाची किटली उचलली आणि ती त्याच्यासमोर उभी राहिली. नुसती उभी. तो थांबला. तिच्या मागे एकेक करून सगळ्या उभ्या राहिल्या. दारात कटिंगची पोरं आली होती. त्यांनी सांगितलं, साखळी दारावरून उतरेपर्यंत कोणी वर जाणार नाही.

साखळी उतरली. एवढं खरं.

बाकीचंही खरं आहे, ते ऐका. मला त्याच दिवशी काढलं. पोलीस म्हणाले, बाईनं चिथावलं. मॉलीची भरपाई अडकली ती अडकलीच. मॅनेजरला कोणी हात लावला नाही, त्याला मोठ्या शहरात मोठी खुर्ची मिळाली. एलायजाला मैदानाबाहेर काही माणसांनी गाठलं आणि त्याच्याच बॅटनं उजवा हात मोडला. त्याचा पुढचा अंक डाव्या हातानं लिहिलेला होता, वाचवत नव्हता. मागच्या पानावर साखळीचा लेख पुन्हा होता. फ्लोराच्या झेरॉक्सवाल्यानं मशीन बंद आहे असं सांगितलं. ती बसनं बेरशेबाला जाऊन छापून आणायला लागली. काही वर्षांनी कारखानाच बंद झाला, यंत्रं सीमेपलीकडे स्वस्त हातांकडे गेली. तिथल्या दारांचं काय झालं, मला माहीत नाही.

बेंजामिनअंकल मला रस्त्यात दिसले की पलीकडे जायचे. मीही हाक मारली नाही. तुमच्या आजोबांनी मरेपर्यंत मला चूक म्हटलं आणि मरेपर्यंत माझे गठ्ठे बसवर नेऊन दिले.

आणि पत्रकं वाढली. लोदची एक नर्स, यरुशलेमचा एक निवृत्त क्लार्क, आपापलं काढणारे. त्यांनी पान देऊ केलं, आम्ही दिलं. क्लार्कचं लिहिणं मला बिलकुल आवडायचं नाही, स्वतःच्या नातेवाइकांची तोंडभर स्तुती. मी अक्षर बदललं नाही. त्या शुक्रवारनंतर आम्ही अटीत एक वाक्य वाढवलं. ज्याला मारलंय त्याला पान आधी.

तेव्हा नोआ, तू सॉरी म्हणायचं नाहीस. लिहिलेलं चुकीचं असेल तर दुरुस्त कर आणि तसं स्पष्ट छाप. खरं असेल तर एक अक्षर मागे घ्यायचं नाहीस. तुला नोटीस येईल, पैसे जातील, मैत्रिणी जातील. कदाचित त्यांतली एकही परत येणार नाही. त्यांच्या दारात उभी राहून रडू नकोस. एकदा विचार, पान देता का. नाही म्हणाल्या तर पुढच्या दारावर जा. आणि उद्या त्यांच्यातल्या एकीला कोणी मारलं तर तुझं मागचं पान तिला दे, आधी, न मागता. हे मी तुला प्रेमानं सांगत नाही. हा नियम आहे.

तुझा लेख मला पाठव. मी तो मराठीत करते. या महिन्यात माझं मागचं पान तुझं. माझ्या वाचकांत आता बऱ्याच नव्वदीच्या म्हाताऱ्या आहेत, त्या तुझ्या मोठ्या माणसाला ओळखत नाहीत आणि त्याच्या वकिलाला घाबरत नाहीत.

फ्लोरा गेली, एलायजा गेला. मॉली माझ्याकडे येऊन डाव्या हातानं घड्या घालते. पत्रक निघतं.