जिन्यातला तिसरा माणूस

लोहारा गावातल्या एका नव्या दुमजली घरात कॅमेऱ्याच्या आणि इंटरनेटच्या वायरी टाकायचं काम मी घेतलं होतं. वायर बांधून ओढून घ्यायला पाइपातून आधी पोलादी तार सरकवतात. वरून माझा जोडीदार ती ढकलणार, खालून मी ओढणार.

"जिन्यात तिसरा मानूस ठेव," तो म्हणाला. "फरशी घासाची मशीन चालू हाये, माहा आवाज तुले येनार नाही."

"दोघांत होते. मले नको शिकवू," मी खेकसलो.

तार अडकली. मी ती मुठीला गुंडाळली, भिंतीला पाय लावला आणि शिव्या घालत हिसके दिले. वरून तो उलटा ओढतोय असं वाटलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. त्याला बडवायला मी पक्कड घेऊन जिना चढलो.

त्याची दोन बोटं, माझ्या हिसक्यांनी तारेला पडलेल्या फासात आवळली होती. कातडं सोलून हाड दिसत होतं. ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता. मी त्याच पकडीनं तार तोडली. सुटलेल्या हातानंच त्यानं माझ्या कानफटात लगावली. माझा गाल त्याच्या रक्तानं माखला.

"आता मोज," तो म्हणाला, "किती मानसं लागते."