बाईंचं सोन्याचं सोवळं

बाईंच्या तोंडचा पहिला शब्द "शिवू नको" आणि दुसरा "मेल्या". डहाणूत आमची दोन खोल्यांची प्रयोगशाळा होती. बाई प्रमुख, मी सहायक. सोन्याचा पातळ मुलामा दिलेल्या काचेवर आखल्यासारख्या रेघांत प्रथिनं चिकटवायची, म्हणजे पुढेमागे तिच्यावर रक्त तपासता येईल, हे आमचं काम. काचेजवळ उघडं बोट गेलं की मी देवघरात चपला घालून शिरलोय असं बाई बघायच्या. स्वतः मात्र सुक्या बोंबलाचा डबा खुशाल माझ्या टेबलावर उघडायच्या.

रोज तलासरीहून यायच्या, त्यामुळे रोज उशिरा. आल्या आल्या हायवेचा उद्धार करत रेघांचा रबरी शिक्का घाणेरड्या वासाच्या द्रावणाने माखायच्या आणि काचेवर उमटवायच्या. त्या रेघांवर द्रावणातले रेणू आपोआप खेटून उभे राहतात आणि त्यांच्यावर प्रथिन बसतं. मधल्या जागेत दुसरे रेणू भरायचे. ते प्रथिनाला थारा देत नाहीत.

"बघ, कुणी सांगायला लागत नाही," बाई म्हणायच्या. "आमच्या स्टँडवर अशी लाइन लागली, तर रिटायर व्हायच्या आत एकदा तरी बसायला मिळेल मला."

मग आम्हाला पैसे देणारी समिती पाहणीला येणार असं कळलं. तिला काम पसंत पडलं नाही तर प्रयोगशाळेला कुलूप. आदल्या दिवशी काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पडद्यावर फोटो घेतला. प्रथिनाला लावलेल्या चमकत्या रंगाच्या हिरव्या रेघा झकास आल्या होत्या आणि कोपऱ्यात, तितकाच हिरवागार, अर्धा अंगठा! बोटाच्या तेलामुळे तिथे ते थारा न देणारे रेणू उभेच राहिले नव्हते आणि प्रथिन नको तिथे बसलं होतं. ठशात विळीने कापल्याचा वण दिसत होता. बाईंनी आपला अंगठा पडद्याशेजारी धरला.

"मेल्या, हा तर माझाच."

"फोटोचा कोपरा कापून टाकू," मी म्हटलं.

"आणि उद्या रक्त तपासायला माणूस आला, की त्याचाही कोपरा कापशील?"

बाईंनी समितीला अख्खा फोटो दाखवला, वर अंगठाही दाखवला. महिन्याभरात कुलूप लागलं. मला त्यांचा इतका राग आला की शेवटच्या दिवशी मी धड बोललोसुद्धा नाही. त्यांनी एक शिफारसपत्र माझ्या हातात ठेवलं आणि बस पकडायला गेल्या.

पत्र मी घरी जाऊन वाचलं. "चूक माझ्या हातून झाली. हा मुलगा निकालात काटछाट करण्याचा विचारही मनात आणत नाही."

बाईंनी लिहिलेलं ते एकमेव खोटं वाक्य. त्याच्या जिवावर मला नोकरी लागली, आणि आता ते खरं करण्यात माझा जन्म चाललाय.